जुनं शिकारी कंपाउंड धनुष्य: दुरुस्त करावं की नवीन घ्यावं?

बालाघाटकर · शनिवार, रात्री ९.१०

मंडळी, सल्ला हवाय. घरात एक कंपाउंड धनुष्य आहे, अमेरिकेतून आलेलं, तिकडं हरणाच्या शिकारीला वापरतात त्या जातीचं. २००६ चं आहे. खालच्या लिंबावर, म्हणजे वाकणाऱ्या हातावर, स्टिकर आहे: ओढ (दोरी ओढायला लागणारी ताकद) ६० ते ७० पाउंड, ड्रॉ लेंग्थ (दोरी पूर्ण ओढल्यावरचं माप) २९ इंच, एक्सल ते एक्सल (दोन टोकांच्या चाकांच्या दांड्यांमधलं अंतर) ३३ इंच, ब्रेस हाइट (दोरीपासून मुठीपर्यंत) ७ इंच. दोन्ही टोकांना कॅम, म्हणजे दोरी-केबल गुंडाळणारी चाकं, अंगभर झाडापानांची नक्षी. सात-आठ वर्षं कपाटावर पडून होतं. दोरीला लव आलीय, मधलं सर्व्हिंग (दोरीवर गुंडाळलेला दोरा) सुटलंय, पीपची (दोरीतून नेम बघायच्या भोकाची) रबरी नळी तुटलीय. अर्ध्यापर्यंत ओढलं की वरून करकर आवाज येतो.

शिकार वगैरे काही नाही. ३० आणि ५० मीटरवर सराव करायचा, जमलं तर जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायचं. दोरी, केबल आणि रेस्ट (बाण टेकायचा आधार) बदलून भागेल का? का पैसे साठवून नवीनच घ्यावं?

गोदाकाठ · शनिवार, रात्री ९.४२

आधी एक करा. आजपासून ते ओढणं बंद. करकर आवाज वॉशर कोरडी पडल्याचा असू शकतो, तसाच लिंब सोलत असल्याचाही असू शकतो. कानाला दोन्ही सारखेच लागतात.

आता तुमचा प्रश्न. सगळे दोरीपासून सुरुवात करतात, कारण खराब झालेली तीच दिसते. पण दोरी ही खर्चाची वस्तूच आहे. वापर असला तर दोन-तीन वर्षांत बदलायचीच, तिच्यावरून निर्णय घेऊ नका. आधी दोन गोष्टी बघायच्या. एक, लिंब आणि रायझर (मुठीचा मधला कडक भाग) धड आहेत का. दोन, ते धनुष्य तुमच्या मापाचं आहे का. दुसऱ्याच्या मापाचा बूट नवीन तळवा लावून आपल्याला होत नाही.

माप असं घ्या. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा, ताणू नका. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंच मोजा, २.५ ने भागा. आलेला आकडा म्हणजे साधारण तुमची ड्रॉ लेंग्थ. अर्धा इंच इकडंतिकडं होतं. २९ यायला हाताचा पसारा साडेबाहत्तर इंच लागतो, म्हणजे माणूस सहा फुटांचा हवा.

लांब पडलं तर काय होतं? पूर्ण ओढल्यावर डावा खांदा वर चढतो, मान मागं जाते, दोरी कोपरात लागते आणि बाण डावी-उजवीकडं पसरतात. माणूस वर्षभर नेमाला दोष देत बसतो.

पऱ्हाटी · शनिवार, रात्री १०.०५

बाहेरच्या वाचकांसाठी: इथं लिंब म्हणजे धनुष्याचा वाकणारा हात. बांधावरचं लिंबाचं झाड नव्हे :)

त्याची तपासणी आपल्याकडं फुकटात होते. सरकी काढलेल्या कोरड्या कापसाचा बोळा घ्या आणि लिंबाच्या चारही कडांवरून, पुढून-मागून हलक्या हातानं फिरवा. तंतू अडकला तिथं काचतंतू उचकटलेला असतो. उघडं बोट फिरवू नका. काचेची कुसळं बोटात गेली तर चिमट्यानंही निघत नाहीत.

जास्त लक्ष दोन जागी द्या. कॅम बसतो ती लिंबाच्या टोकाची बेचकी, आणि लिंब रायझरच्या खोबणीत शिरतं तो भाग. रात्री खोली अंधारी करून टॉर्च कडेनं तिरपा धरा. वरच्या रंगातली तडा आडवीतिडवी, कोळ्याच्या जाळ्यासारखी असते. ती बहुधा नुसती रंगाची. लांबीच्या दिशेनं सरळ गेलेली आणि कापूस पकडणारी रेष असेल तर ते लिंब संपलं. फेविक्विक, अराल्डाइट, वरून दोरा गुंडाळणं, असलं काहीही नको. साठ पाउंडाला ते तोंडासमोर फुटतं.

आणि धनुष्य कधी कोणी बाणाशिवाय सोडलं होतं का, तेही घरात विचारा. बाण नसला की सगळी ताकद लिंबात, कॅममध्ये आणि एक्सलमध्ये जिरते. खूण म्हणजे कॅमची कड दबलेली, दोरी खाचेतून उतरू बघतेय, लिंबावर पांढुरकी रेघ.

जालना लेथ · रविवार, सकाळी ७.३०

सुटे भाग बाजारातून घ्यायला निघण्याआधी हे वाचा. अमेरिकन धनुष्यावरची सगळी आटी इंचाची असते. साइटचे (नेम धरायच्या साधनाचे) बारके स्क्रू १०-२४, म्हणजे १० नंबरचे, इंचाला २४ आट्यांचे; रेस्ट आणि स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारी दांडी) बसतात ती भोकं अडीच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) २४ आट्यांची, बाणाच्या टोकाची आटी ८-३२. आपल्या दुकानात मिळतो तो एम-५. दिसायला १०-२४ सारखाच, पहिले दोन फेरे बसतोसुद्धा. मग अडतो. पोरगं पाना लावून पिळतं आणि रायझरमधली अॅल्युमिनियमची आटी साफ होते. नमुन्याचा स्क्रू नेऊन गेजवर तपासूनच घ्या.

एक्सल बहुतेक दीड सुताचा, म्हणजे ४.७६ मिमी. पाचचा बार भोक मोठं करून बसवू नका. एक्सल वाकलाय का ते काचेवर लोळवून बघायचं. फट दिसली की बदली. टोकाचं लॉक ढिलं झालेलं असेल तर पक्कडनं दाबून परत वापरू नका, नवीनच घाला. ते उडालं तर एक्सल सरकतो आणि कॅम लिंब फाडून बाहेर येतो.

तुरीची शेंग · रविवार, सकाळी ८.१५

जरा वेगळा प्रश्न. रानडुकरं तुरीत-सोयाबीनमध्ये फार धुडगूस घालतात. असं धनुष्य राखणीला चालंल का?

गोदाकाठ · रविवार, सकाळी ८.३२

नाही चालणार. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार गुन्हा आहे, शेत आपलं असलं तरी. पिकाच्या नुकसानीपायी परवानगी लागत असेल तर ती कलम ११ खाली वनखात्याकडून लेखी घ्यायची असते. नुकसानभरपाईचा अर्जही तिथंच. इथं विषय लक्ष्यवेधाचा आहे, त्यावरच राहू.

पिवळी नऊ · रविवार, सकाळी ९.००

ओढीबद्दल कोणीच बोललं नाही अजून. जागतिक तिरंदाजीच्या नियमात कंपाउंडची कमाल ओढ ६० पाउंड आहे. दादांचं धनुष्य ६० ते ७० चं, म्हणजे लिंब बोल्ट पूर्ण सैल केले तरी जेमतेम साठवर येणार. प्रत्यक्षात एकसष्ट-बासष्ट भरलं तर तपासणीत बाद. वर ते बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त सैल केले तर खोबणीत लिंबाची पकड राहत नाही.

मोजायला कापसाचं गाठोडं मोजतो तो लटकता डिजिटल काटा चालतो, पण तपासणी झाल्यावरच. हूक डी-लूपमध्ये (दोरीवरच्या छोट्या फासात), सरळ रेषेत सावकाश ओढ, सगळ्यात मोठा आकडा टिपायचा. २७.२ किलो म्हणजे ६० पाउंड.

दुसरी अडचण नक्षीची. स्पर्धेत कॅमोफ्लाज कपडे आणि साहित्य चालत नाही.

बालाघाटकर · रविवार, सकाळी ११.२०

नक्षीचं माहीतच नव्हतं. पावडर कोटिंग करून घेऊ का? आणि ७० पाउंड असलं तर ५० मीटरला फायदाच ना, बाण सपाट जातो.

पिवळी नऊ · रविवार, सकाळी ११.४५

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला नागपूरच्या ओजस देवतळेनं जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारले. पन्नास मीटरवर पंधराच्या पंधरा बाण दहात. त्याच मैदानावर अदिती स्वामी सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली. ते सगळे साठच्या मर्यादेतच खेळतात. रोज शंभर बाण न थरथरता ओढता आले पाहिजेत, ते खरं. खुर्चीवर बसून, पाय जमिनीवरून उचलून, धनुष्य वर न झटकता सरळ ओढता आलं तर ती ओढ तुमची. नाहीतर दहा पाउंड खाली या. नवशिक्या मोठ्या माणसाला ४५ ते ५० भरपूर झालं.

पावडर कोटिंग नको. भट्टी १८०-२०० अंशांची असते. लिंब आत गेलं तर त्यातलं रेझिन मेलं, आणि नुसता रायझर घातला तरी भट्टीत वेळ वाढला की अॅल्युमिनियमची कडकी उतरते. रायझर सुटा करून बारीक पॉलिश पेपर, प्रायमर आणि एकरंगी स्प्रे, किंवा गाड्यांना लावतात तसलं व्हिनाइल. लिंबाला तेवढं व्हिनाइलच. थिनर किंवा पेट्रोल लिंबाच्या जवळपाससुद्धा नको.

डीलूप · रविवार, दुपारी १.३०

लिंब धड निघाली असं धरून दुरुस्तीचं काम काय असतं ते लिहिते. त्यावरून खर्चाचा अंदाज येईल.

खोलण्याआधी नोंदी घ्या. दोन्ही कॅमचे दोन्ही बाजूंनी फोटो, कुठली केबल कुठल्या खुंटीला आहे ते स्पष्ट दिसायला हवं. एक्सल ते एक्सल अंतर आणि ब्रेस हाइट मोजा. ब्रेस हाइट म्हणजे दोरीपासून मुठीच्या सगळ्यात खोल जागेपर्यंत. स्टिकरवर ३३ आहे आणि तुमचं तेहतीस इंच तीन सूत भरलं, तर केबल ताणल्यात. केबल लांबली की लिंब सैलावतं, अंतर वाढतं आणि ओढ उतरते. दोन कॅमच्या धनुष्यात दोन्ही केबल सारख्या ताणत नाहीत. एक कॅम आधी थांब्याला (ओढ जिथं संपते त्या अडणीला) लागतो, दुसरा मागून येतो. मग बाण कधी वर, कधी खाली.

दोरी उतरवायला बो-प्रेस, म्हणजे लिंब दाबून दोरी सैल करणारं यंत्र, लागतोच. गाडीचा जॅक, पाइप व्हाइस, दोघांनी पाय देऊन वाकवणं, हे प्रकार नकोत. प्रेसचे हात लिंबाच्या टोकाजवळ बसायला हवेत. मधेच दाब दिला तर नवं लिंबही मोडतं. ज्याच्याकडं प्रेस आहे अशा प्रशिक्षकाकडं किंवा दुकानात न्या. दाबायच्या आधी दोन्ही बोल्ट सारखेच, अर्धा-अर्धा फेरा करत सैल करायचे आणि फेरे लिहून ठेवायचे. एका फेऱ्याला साधारण दोन-तीन पाउंड फरक पडतो.

दोरी निघाली की कॅम हातानं फिरवून बघा. इथं तुमच्या करकरीचं उत्तर मिळेल. मोकळा कॅम खरखरत असेल तर दोष बुशिंग-वॉशरचा, काम स्वस्तात होईल. कॅम गुळगुळीत फिरला तर आवाज लिंबाचाच होता. जुनी वॉशर पिवळी पडून चुरलेली निघतात. एक्सल पुसून कोरडं टेफ्लॉन वंगण लावा. ग्रीस नको, आपल्याकडची काळी माती त्यात बसते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते. केबल सरकते तो नायलॉनचा तुकडा बघा, त्यात खाच पडली असेल तर तोही बदली.

नवीन दोरी-केबल मॉडेलच्या नावानं, लांबीच्या आकड्यानं आणि आधी ताणून घेतलेल्याच मागवा. चढवल्यावर लगेच पीप बांधून टाकू नका. शंभर-दोनशे बाण जाईपर्यंत ती बसते. मग पुन्हा अंतर मोजून, केबलला अर्धा-अर्धा पीळ देत दोन्ही कॅम एकाच वेळी थांब्याला लागतील असं जुळवायचं. पीप तिरपा फिरत असेल तर दोरीचे धागे निम्मे-निम्मे करताना चूक झालीय. रबरी नळी लावून ती झाकू नका.

रेस्ट रायझरपासून साडेसहा सुतावर ठेवून सुरुवात करा. नंतर दोन मीटरवरून कागदातून बाण मारून बघायचं. फाटलेल्या भोकात पिसं टोकाच्या वर दिसली तर नॉक (बाणाची शेपटाकडची खाच) उंच बसलाय, डी-लूप केसभर खाली घ्या किंवा रेस्ट वर. केसभर म्हणजे खरंच केसभर.

मेण महिन्यातून एकदा, लव दिसली की लगेच. बोटानं चोळून आत जिरवायचं. सर्व्हिंगवर मेण लावायचं नाही.

जालना लेथ · रविवार, दुपारी २.१०

ताई, एक भर घाला. मे महिन्यात धनुष्य बंद गाडीत ठेवायचं नाही. बाहेर बेचाळीस असतं तेव्हा आत साठच्या पुढं जातं. दोरी लांबते आणि लिंबाच्या थरांमधला चिकटवा नरमतो. दादांचं कपाट पत्र्याखाली असेल तर लिंबावर माझा भरवसा नाही.

गोदाकाठ · रविवार, दुपारी ३.००

खर्चाचं गणित. अमेरिकेत दोरी-केबलचा पूर्ण संच शंभर ते दीडशे डॉलरला पडतो, वर कुरिअर आणि जकात. आपल्या देशातही दोरी वळून देणारे आहेत, पण त्यांना नेमक्या लांबी द्याव्या लागतात. जुन्या मॉडेलला लिंबांची जोडी मिळालीच तर दोरीच्या दीडपट-दुप्पट धरा. लिंब एकटं बदलत नाहीत. दोन्हींचा ताठपणा जुळवलेला असतो, म्हणून जोडीच. खेरीज रेस्ट, पीप, डी-लूपचा दोर. शिकारी साइटला वीस-तीस-चाळीस यार्डांच्या तीन-चार पिना असतात. पन्नास मीटर म्हणजे जवळपास पंचावन्न यार्ड, त्यामुळं एका पिनेची सरकती साइट लागणारच.

दुसरीकडं स्पर्धेचं धनुष्य. परदेशी बनावटीचं पूर्ण साहित्यासह घ्यायचं तर लाखाच्या पुढं. मधला मार्ग म्हणजे मोठ्या मापपट्ट्याचं धनुष्य. डायमंड कंपनीचं इन्फिनिट एज प्रो १३ ते ३१ इंच आणि ५ ते ७० पाउंड, प्रेसशिवाय बदलतं. शिकायला झकास, घरात दोघा-तिघांना चालतं. पण ते बुटकं असतं. स्पर्धेची धनुष्यं ३६ ते ४० इंचांची असतात, ती हातात कमी डुलतात.

मॉड्यूलचंही सांगा दादा. कॅमवर दोन स्क्रूंनी बसवलेला वेगळा तुकडा असेल तर ड्रॉ लेंग्थ बदलता येते. कॅम अखंड असेल तर अख्खे कॅमच बदलावे लागतात, आणि २००६ च्या धनुष्याला ते शोधत बसण्यात अर्थ नाही.

बालाघाटकर · रविवार, रात्री ८.५०

सगळं करून बघितलं. हातांचा पसारा साडेअडुसष्ट इंच, म्हणजे साडेसत्तावीसच्या आत. धनुष्य दीड इंच लांब. कॅमवर वेगळं मॉड्यूल आहे, दोन स्क्रू. त्यामुळं आधी बरं वाटलं.

मग कापूस फिरवला. खालचं लिंब स्वच्छ. वरच्या लिंबाला बेचकीच्या बुडाशी उजव्या कडेनं तंतू अडकतात, तीनदा फिरवून तिन्ही वेळा त्याच जागी. टॉर्चमध्ये बोटाच्या पेराएवढी सरळ रेष दिसते, लिंबाच्या लांबीत. एक्सल ते एक्सल तेहतीस आणि दोन सूत.

पऱ्हाटी · रविवार, रात्री ९.०५

बेचकीच्या बुडाशी, सरळ, त्याच जागी. मग विषय मिटला दादा.

गोदाकाठ · रविवार, रात्री ९.२०

हो. नवी लिंबांची जोडी, २७ किंवा साडेसत्तावीसचं मॉड्यूल, दोरी-केबल, साइट, रंग, एवढं सगळं करून हातात येणार साठच्या कडेवरचं वीस वर्षांचं धनुष्य. मी एक रुपया घालणार नाही. पन्नास ते साठ पाउंडाचं किंवा त्याखालचं वापरलेलं स्पर्धेचं धनुष्य बघा. घेताना हाच कापूस खिशात घेऊन जा, आणि विकणाऱ्यासमोर फिरवा. मॉड्यूल तुमच्या मापाचं आहे का ते आधी विचारा, भाव नंतर.

डीलूप · रविवार, रात्री ९.४०

तडा गेलेलं धनुष्य तसंच खुंटीला लावून ठेवू नका, कोणीतरी पोर ओढून बघतंच. आणि दोरी कात्रीनं कापायची नाही. दोरी चढलेली असते तेव्हा लिंब ताणाखालीच असतात. कापली की बाणाशिवाय सोडल्यासारखंच, तुकडे उडतात. प्रेसवरच उतरवून घ्या, प्रेसवाल्याला तडा आधी दाखवा म्हणजे तो कुठं दाब द्यायचा ते ठरवेल. तोवर दोरीला चिठ्ठी बांधून कुलपात.

स्टॅबिलायझर, रेस्ट आणि मनगटी रिलीज (दोरी धरून सोडायचं साधन) काढून ठेवा. पहिल्या दोघांची आटी नव्यावरही बसेल. रिलीजचा जबडा पूर्ण मिटतो का ते आधी दोराच्या फाशावर ओढून बघा, नवीन धनुष्यावर नको.

बालाघाटकर · रविवार, रात्री १०.००

ठीक, कुलपात ठेवलं. सोबत आठ कार्बनचे बाण आहेत, त्यावर ३४० लिहिलंय, लांबी साडेअठ्ठावीस. ते तरी चालतील का?

पिवळी नऊ · रविवार, रात्री १०.२५

बाणावरचा आकडा जितका लहान तितका बाण ताठ. ३४० म्हणजे फार ताठ, सत्तर पाउंडाला जुळणारे. पन्नास-पंचावन्न पाउंड आणि २७ इंचाच्या बाणाला ५०० च्या आसपास लागतो. कापून जमवू म्हणाल तर उलटं होतं. आखूड केला की बाण आणखी ताठ होतो.

नवे घेताना वजन सोनाराच्या काट्यावर करा. दर पाउंडाला निदान ५ ग्रेन, म्हणजे ५० पाउंडाला २५० ग्रेन, साधारण १६.२ ग्रॅम, टोक आणि पिसांसह. त्याखालचा बाण म्हणजे हप्त्या-हप्त्यानं बाणाशिवाय सोडणं. जाडी ९.३ मिमीच्या आत.

जुने आठ फेकू नका, पण मारण्याआधी प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरून हलका वाकवा, कानाशी धरून पीळ द्या. चर्र आवाज आला तर मोडून टाका. तडकलेला कार्बन सुटताना डाव्या हातात घुसतो. त्यांवर शिकारी पाती असतील तर ती काढा. बाण सांभाळायचे तर बैठकीवरच्या लोडासारखं जाड फोमचं टार्गेट घ्या, मागं मातीचा बांध. उन्हाळ्यात मात्र टार्गेटच्या मागं सतरंजी किंवा ताडपत्री अंथरा. काळ्या रानाच्या भेगेत गेलेला बाण पावसाळ्यापर्यंत सापडत नाही.